कागदी लिंबावरची अळी

तुमच्या परसात कागदी लिंबाचे झाड असेल. नसेल तर शेजाऱ्याकडे असेल. पावसाळ्यात त्या झाडाचा कोवळा पाला नीट पाहा. एखाद्या पानावर पाखराची विष्ठा पडलेली दिसेल. रंग काळपट, मध्येच पांढरट, वर ओलसर चकाकी. आपण म्हणतो, चिमणीने घाण केली, आणि पुढे जातो.

आता एक काडी घ्या आणि त्या घाणीला हलकेच टोचा. घाण हलते! ती विष्ठा नव्हे. ती अळी आहे.

या अळीपायी आमच्या शेजारच्या आक्कांचे आणि माझे भांडण होता होता राहिले. ती हकीकत सांगतो. तिच्यातच आजचा धडा आहे.

आमचे गाव आजरा तालुक्यात, घाटाच्या अंगाला आहे. गावाच्या वर जंगल आहे. जंगलातून एक ओढा खाली येतो. आक्का पन्नाशी उलटल्यावर आमच्या रात्रीच्या वर्गात येऊ लागल्या. आता त्या अडखळत का होईना, पण वाचतात. त्यांनी परसात लिंबाची सव्वाशे रोपे केली होती. बी घरचे, पिशव्या बाजारातल्या. पाऊस सुरू झाला की रोपे आठवड्याच्या बाजाराला न्यायची. त्या पैशांत घराची कौले बदलायची, असा त्यांचा बेत होता.

एके दिवशी सकाळीच आक्का माझ्या दारात उभ्या. एका हातात रोप, दुसऱ्या हातात औषधाची बाटली.

“गुरुजी, हे बघा. चाळीस रोपांचा नुसता खराटा झालाय. दिरानं औषध दिलंय. आज मारते फवारा.”

रोपाला पानेच नव्हती. नुसत्या काड्या आणि काटे. एका काडीला ती अळी चिकटली होती.

मी शहाणपणाने म्हणालो, “आक्का, ही फुलपाखराची पिल्लं आहेत. मारू नका हो.”

आक्का म्हणाल्या, “मग फुलपाखरू येऊन माझी कौलं घालून देणार काय?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. बाईचे खरेच होते. छत्तीस वर्षे शाळेत मुलांना ‘प्राणिमात्रांवर दया करा’ असे शिकवले. पण ज्याचे पीक खाल्ले जाते, त्याला ती दया किती महाग पडते, हे शाळेत कळत नाही.

मी म्हटले, “बरं, फवारा मारा. पण आधी बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा.”

आक्कांनी बाटली उजेडात धरली. एकेक अक्षर लावले. “वि... ष. विष!” मग त्यांनी खालच्या चौकटीवर बोट ठेवले. “आणि ही पिवळी खूण कसली?”

ही खूण प्रत्येकाने ओळखायला हवी, म्हणून जरा थांबून सांगतो. किडीच्या औषधावर रंगीत त्रिकोण छापलेला असतो. लाल त्रिकोण असला तर औषध सर्वांत जहाल. पिवळा असला तर त्याच्याखालोखाल, पण तेही विषच. मग निळा. सर्वांत सौम्य हिरवा. पण हिरवा म्हणजे निर्धोक असे समजू नका. आक्कांचा रांगता नातू त्याच परसात खेळत होता. त्यांनी बाटली उंच फळीवर ठेवली आणि मला म्हणाल्या, “मग दुसरं काय करायचं ते तुम्हीच सांगा. आणि नुसतं सांगू नका, चला.”

मी गेलो. आम्ही दोघे रोपांपाशी बसलो आणि अळ्या हातांनी वेचल्या. अर्ध्या तासात सदतीस अळ्या सापडल्या. त्या पाल्यासकट टोपलीत घातल्या आणि माझ्या परसातल्या पपनसाच्या मोठ्या झाडावर नेऊन सोडल्या. मोठ्या झाडाला सदतीस अळ्यांचे काही वाटत नाही. वीतभर रोपाला मात्र दोन अळ्यासुद्धा पुरे होतात. मग आक्कांनी जुनी मच्छरदाणी काढली, धुतली आणि रोपांवर ताणून बांधली. फुलपाखरू आत शिरलेच नाही, तर अंडी घालणार कुठे? चाळीस रोपांपैकी एकतीस पुन्हा फुटली. नऊ गेली ती गेलीच.

अळ्या वेचताना एक गंमत झाली. एका मोठ्या हिरव्या अळीला आक्कांचे बोट लागले. तेव्हा तिने मान फुगवली आणि मानेतून दोन फाट्यांचे मऊ शिंग बाहेर काढले! लगेच आंबूस, उग्र वास आला. आक्कांनी हात झटकला. “अगं बाई, ही डसते की काय!”

ही अळी डसत नाही. तिच्या अंगात विषही नाही आणि तिला काटेही नाहीत. तिच्याजवळ आहेत ती नुसती सोंगे. लहान असताना ती विष्ठेचे सोंग घेते, कारण पाखरू विष्ठा खात नाही. मोठी झाल्यावर विष्ठेचे सोंग चालत नाही, कारण एवढी मोठी विष्ठा कुणाची? मग ती कात टाकून पानासारखी हिरवी होते. मानेजवळ तिला दोन मोठे डोळे दिसतात. ते डोळे खोटे, नुसते रंगाचे ठिपके असतात. खरे डोके लहान असते आणि ते खाली दडलेले असते. पाखराला वाटते, हे काहीतरी सापाच्या तोंडासारखे आहे. इतके करूनही कुणी छेडलेच, तर ते शिंग आणि तो वास.

आता मुळापासून सांगतो.

मादी फुलपाखरू अंडे घालण्यासाठी झाड शोधत हिंडते. तिला लिंबाचेच झाड कसे कळते? ती पानावर उतरते आणि पुढच्या पायांनी पानावर टकटक करते. तिच्या पायांना चव कळते! आपल्याला जिभेने कळते, तिला पायांनी. पानाची चव ओळखीची लागली की ती तिथे एक अंडे चिकटवते. अंडे मोहरीएवढे, गोल. एका जागी एकच अंडे घालून ती पुढच्या पानावर जाते.

लिंबाचे भाऊबंद पुष्कळ आहेत. पपनस, इडलिंबू, संत्रे, मोसंबी ही तर उघडच. पण बेल, कवठ आणि कढीपत्ता हेही त्याच कुळातले. विश्वास बसत नसेल तर यांतल्या एखाद्या झाडाचे पान उजेडासमोर धरा. पानात सुईने टोचल्यासारखे बारीक, पारदर्शक ठिपके दिसतील. त्या ठिपक्यांत सुगंधी तेल असते. पान चुरगाळले की वास येतो तो त्याचाच. या कुळावर जगणारी फुलपाखरेही एका जातीची नाहीत, अनेक जातींची आहेत.

आठवड्याच्या आत अंडे फुटते. अळी बाहेर आली की बहुधा आधी अंड्याचे टरफलच खाते आणि मग पानाला लागते. तिला खाण्याखेरीज दुसरे काम नाही. अंग वाढते, पण कातडी वाढत नाही. म्हणून ती चार वेळा कात टाकते. टाकलेली कातही बहुतेक वेळा खाऊन टाकते. असे तीन-चार आठवडे चालते.

मग एक दिवस ती खाणे सोडते. पोट रिकामे करते. अस्वस्थ होऊन फांदीवर इकडेतिकडे फिरते. जागा मनासारखी मिळाली की तोंडातून रेशीम काढते. शेपटीखाली रेशमाची गादी करते. अंगाभोवती एक धागा घेते आणि त्याच्या आधाराने मागे रेलते. आमच्याकडे माडावर चढणारा माणूस कंबरेला दोर घेऊन जसा रेलतो, अगदी तसे. मग शेवटची कात टाकते. आत असतो कोश. फांदी हिरवी तर कोश बहुधा हिरवा, फांदी वाळकी तर तपकिरी. जवळ जाऊनही पटकन दिसत नाही.

आक्का रोज पपनसाच्या झाडाकडे येऊ लागल्या. मी विचारले, “आता कशाला येता?” तर म्हणाल्या, “माझ्या रोपांवर पोसलीत. बघू तरी काय होतात.” त्यांनी तीन कोश फांद्यांसकट कापले आणि आपल्या सोप्यात बाटलीत उभे करून ठेवले. फांद्यांना कागद बांधले. त्यांवर आपल्या हाताने १, २, ३ असे आकडे घातले. वहीत तारखा लिहिल्या. वर्गात मी महिनाभर तारीख लिहायला शिकवत होतो, ते एका दिवसात आले.

दहाव्या दिवशी १ नंबरचा कोश फुटला. काळ्या पंखांवर पिवळट ठिपके असलेले फुलपाखरू बाहेर आले. मागच्या पंखावर एक तांबडा ठिपका. हे आपण शेतात, रस्त्याकडेला नेहमी पाहतो. याला लिंबाचे फुलपाखरूच म्हणतात. आक्कांची रोपे खाल्ली ती मुख्यतः यानेच. आक्कांनी त्याच्याकडे रागाने पाहिले, पण दार उघडून दिले.

२ नंबरचे वेगळेच झाले. कोश काळवंडला. एके सकाळी त्याला टाचणीच्या टोकाएवढे भोक पडलेले दिसले, आणि त्यातून मुंगीहून लहान, पंखांचे कितीतरी किडे बाहेर येत होते. आक्का धावत आल्या. “गुरुजी, माझ्या फुलपाखराला किडे पडले!”

ते कुजून पडलेले किडे नव्हते. ती गांधीलमाशीची बारीक भावंडे. त्यांची मादी कोशाच्या आत आपली अंडी घालते. तिची पिल्ले कोश आतून खातात आणि मोठी होऊन बाहेर पडतात. काही जाती तर इतक्या बारीक असतात, की फुलपाखराच्या मोहरीएवढ्या अंड्यातच आपले अंडे घालतात. मुंग्या, कोळी, खंडोबाचा घोडा आणि पाखरे यांचा वाटा निराळाच. मादीने घातलेल्या अंड्यांतून फार थोडी फुलपाखरे होतात ती यामुळे. हे किडे म्हणजे आक्कांचे न सांगता राबणारे गडीच. आणि फवारा मारला तर अळीबरोबर तेही मरतात. मग पुढच्या वेळी अळ्या आल्या की त्यांना आवरायला कुणी नसते.

आक्का थोडा वेळ गप्प बसल्या. मग वहीत २ नंबरपुढे त्यांनी लिहिले, ‘मेले’.

राहिला ३ नंबर. हा कोश मोठा होता. ही अळीही बाकीच्यांपेक्षा चांगली जाड होती. मला थोडा संशय होता, पण मी बोललो नाही. शिक्षकाने संशय बोलून दाखवला आणि खोटा ठरला, तर वर्गात मान राहत नाही.

माझा संशय असा होता. आमच्या ओढ्याकाठी एक मोठे फुलपाखरू येते. पंख काळे, मखमलीसारखे. मागच्या पंखाचा बराचसा भाग फिकट निळा आणि त्या निळ्यात काळे ठिपके. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत बारा ते पंधरा सेंटिमीटर भरतात, म्हणजे अर्ध्या वितीहून जास्तच. ते सरळ उडत नाही. सावलीतून झोकांड्या खात येते आणि डोळ्याला नीट सापडायच्या आत निघून जाते. याला राणी पाकोळी म्हणतात, नीलवंत असेही म्हणतात. आमच्याकडे पाकोळी म्हटले की काही जणांच्या डोळ्यांपुढे एक पक्षी येतो. तो वेगळा.

महाराष्ट्र सरकारने 2015 साली राणी पाकोळीला राज्याचे फुलपाखरू म्हणून मान दिला. राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यफूल ताम्हण, तसे हे राज्यफुलपाखरू. देशात असे फुलपाखरू ठरवणारे आपलेच राज्य पहिले. पुढे कर्नाटक, केरळ वगैरेंनीही आपापले ठरवले. हे फुलपाखरू मुख्यतः दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत आढळते. आपल्याकडे त्याचे खरे घर म्हणजे सह्याद्रीचे ओले जंगल. पण मुंबई-पुण्याच्या बागांतही ते दिसते. शहरातली माणसे हौसेने कुंडीत लिंबू लावतात ना!

इंग्रजीत त्याला ब्लू मॉर्मन म्हणतात. मॉर्मन हा अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ. पूर्वी त्या पंथातले काही पुरुष अनेक बायका करीत. या पाकोळीच्या एका चुलतभावाच्या माद्या तीन निरनिराळ्या रूपांच्या असतात. ते पाहून साहेब लोकांनी त्या चुलतभावाला गमतीने मॉर्मन म्हटले आणि ते नाव हिच्याही गळ्यात पडले. तिचा त्यात काही दोष नाही. मला विचाराल तर आपले नाव बरे.

३ नंबर फुटेपर्यंत दिवस होते. एका उघडिपीच्या दुपारी मी वर्गातल्या मंडळींना ओढ्यावर नेले. ओल्या वाळूवर तीन राण्या बसल्या होत्या. सोंड लांब करून चिखल पीत होत्या. त्यांना राण्या म्हटले खरे, पण बहुधा ते तिन्ही नर असावेत. चिखलावर बसतात ते बहुतेक नरच.

एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले, “फुलात मध असताना चिखल का पितात?”

मी उलट विचारले, “बाबा, तुमचा बैल भिंत का चाटतो?”

बाबा हसले. “मिठासाठी.”

तसेच हे. फुलातल्या मधात गोडी असते, पण मीठ फार थोडे असते. ओल्या मातीत ते मिळते. फुलपाखरांचा अभ्यास करणाऱ्यांनी पाहिले आहे, की कित्येक जातींत नर हे मीठ स्वतःपुरते ठेवत नाही. जुगताना तो त्यातले मादीला देतो आणि ते अंड्यांच्या कामी येते. म्हणजे बाजारहाट करणारा कर्ता पुरुष म्हणा.

परत येताना आक्का देवराईपाशी थांबल्या. झुडपातले एक पान तोडून त्यांनी चुरगाळले आणि माझ्या नाकापुढे धरले. “गुरुजी, हे बघा. ह्याला पण लिंबाचाच वास.” ते माकडलिंबू होते. जंगलात लिंबाच्या कुळातले हेही एक. किरमिरा नावाचे झुडूपही याच कुळातले. राणी पाकोळीच्या अळ्या जंगलात असल्या झाडा-झुडपांवरच वाढतात. आपली कागदी लिंबे आणि पपनसे तिला पुढे मिळाली. आधीची पिढ्यान्‌पिढ्यांची शिदोरी ही.

आता एक सांगतो, ते गावात काही जणांना आवडले नाही, तरी सांगतो. देवळापुढे मोकळे दिसावे म्हणून आम्ही देवराई दोन-तीन वर्षांआड ‘साफ’ करतो. मोठ्या झाडाला कुणी हात लावत नाही, कारण देवाची भीती आहे. पण खालची झुडपे कोयत्याने सपाट करतो. त्यांत माकडलिंबू जाते, किरमिरा जातो. वरून पाहणाऱ्याला राई तशीच उभी दिसते. पण राणीच्या अळीला त्यात खायला एक पान उरत नाही. मी ही गोष्ट ग्रामसभेत बोललो. एक जण म्हणाला, “गुरुजी, देवाच्या दारात रान माजू द्यायचं काय?” दुसरा म्हणाला, “अळ्या पोसायला राई आहे काय?” आक्का पुरुषांच्या बैठकीत फारशा बोलत नाहीत. त्या दिवशी मागून म्हणाल्या, “दारातलं साफ करा. मागचं राहू दे.” शेवटी तेवढे ठरले. ओढ्याच्या अंगाची बाजू यंदा तोडली नाही. पुढच्या वेळी काय होते ते पाहायचे.

चौदाव्या दिवशी ३ नंबरचा कोश काळा पडला. आक्का घाबरल्या. पुन्हा किडे पडले म्हणाल्या. मी निरखून पाहिले. कोशाची साल पातळ झाली होती आणि आतून काळ्या पंखांचा रंग दिसत होता. आत काय चालले असते? अळीच्या अंगाचा बराचसा भाग विरघळून जातो. पंखांचे बारीक कोंब अळीच्या अंगात आधीपासूनच असतात. ते कोशात वाढीला लागतात. पाने कुरतडणारे तोंड जाऊन मध ओढणारी सोंड येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत होतो. आक्कांचा मोठा नातू पळत आला. “गुरुजी, आजीनं बोलावलंय. लवकर.”

मी गेलो तेव्हा ते बाहेर आले होते. रिकाम्या कोशाला धरून लोंबत होते. पंख ओले आणि चुरगळलेले, धुऊन पिळलेल्या चोळीसारखे. आक्का म्हणाल्या, “हे बिचारं लुळं आहे.” मी म्हटले, “हात लावू नका. थांबा.” या वेळी हात लावला तर पंख कायमचे वाकडे होतात. फुलपाखरू अंगातले पाणी पंखांच्या शिरांत ढकलत होते. पंख हळूहळू उलगडत गेले. सोंडेचे दोन अर्धे भाग सुटे होते. ते जुळवून त्याने एक नळी केली आणि घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळून ठेवली. बूड हलवून तांबूस पाण्याचा एक थेंब खाली टाकला. पंख तास-दीड तास वाळत होते. घरातली सगळी माणसे कामे टाकून बसली होती. कुणी बोलत नव्हते.

मग त्याने पंख उघडले. काळे, आणि त्यांत तो निळा रंग.

“ओढ्यावरचं!” नातू ओरडला.

आक्का काही बोलल्या नाहीत. फुलपाखराने दोनदा पंख मिटले, उघडले. उठले, कौलाच्या वळचणीला एकदा धडकले, परसात गेले आणि मच्छरदाणीवरून, लिंबाच्या रोपांवरून झोकांड्या खात ओढ्याकडे निघाले.

आक्कांनी वही मागितली. ३ नंबरपुढे त्यांनी तारीख घातली. मग पेन्सिल ओठाला लावून थोडा विचार केला आणि लिहिले, ‘निळे. उडाले.’ ‘ळ’ जरा वाकडा आला होता. मी तो दुरुस्त केला नाही.